सहानंतरची वेळ

मागच्या महिन्यात आमच्या नाटकाच्या ग्रुपमधल्या एका मुलीचे वडील मला भेटायला घरी आले. लातूरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. चहाचा कप खाली ठेवला आणि थेट विषयाला आले. "सर, पोरगी नोकरी सोडते म्हणतीय. पूर्ण वेळ नाटकच करायचं म्हणती. माझा विरोध नाही. पण तुम्ही इतकी वर्षं ह्यात आहात. तुम्हीच सांगा, ह्याच्यावर पोट भरतं का?"

मी त्यांना नीट उत्तर दिलं नाही. मुलगी गुणी आहे, मेहनती आहे, काहीतरी मार्ग निघेल, असं मोघम बोललो. ते समाधान झाल्यासारखं दाखवून गेले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण खरं उत्तर मला ठाऊक होतं. नाटकानं माझं पोट एक दिवसही भरलेलं नाही. ते बँकेनं भरलं.

१९८८ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत क्लार्क म्हणून लागलो. दुपारी दोनला काउंटर बंद व्हायचा, मग हिशेब जुळवायचा, आणि साडेपाचला मी सायकलवर असायचो. सहाला सदाशिव पेठेतल्या एका शाळेत बाकं भिंतीला सारून तालीम सुरू. राज्य नाट्य स्पर्धेच्या आठवड्यात रजा टाकायची, आणि ती मिळायची, कारण साहेबांनाही नाटक आवडायचं आणि शिवाय रजा हा माझा हक्क होता. अधिकारी होण्याची परीक्षा मी तीनदा टाळली. अधिकारी झालो असतो तर बदली झाली असती आणि तालीम सुटली असती. बायकोनं त्यावरून कधी शब्द काढला नाही, कारण क्लार्कच्या पगारातही घराचा हप्ता जात होता, मुलाची फी भरली जात होती. माझ्या ओळखीचे निम्मे नट त्या काळात बँकेत, एलआयसीत, टेलिफोन खात्यात किंवा महापालिकेत होते. बँकांच्या आपसांत नाट्यस्पर्धा व्हायच्या आणि त्यात चुरस असायची.

"आवडीलाच करिअर बनवा" हे वाक्य आज दहावी-बारावीच्या प्रत्येक सत्कार समारंभात ऐकू येतं. ते ऐकताना मला नेहमी वाटतं, की ज्यांच्याकडे बोट दाखवून ते म्हटलं जातं त्यांचं आयुष्य कुणी नीट पाहिलेलं नाही. पुण्यात थिएटर अकॅडमी ही नाट्यसंस्था १९७३ साली सुरू झाली. तिथल्या सतीश आळेकरांची नाटकं आज देशभर अभ्यासली जातात. ते १९९६पर्यंत बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या विभागात काम करत होते. नट मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, तेही शिकवत होते. दिग्दर्शक जब्बार पटेलांचा दौंडला बालरोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय होता. तिकडे नागपुरात नाटककार महेश एलकुंचवार कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. मराठी नाटकाची ती सगळी उंची कुणीतरी महिन्याच्या महिन्याला पगार किंवा फी मिळवत असताना उभी राहिलेली आहे. डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण उलट बाजूनं दिलं जातं, की बघा, सगळं सोडून नाटकात उतरले. उतरले, हे खरं, आणि त्याला मोठं धैर्य लागतं. पण १९६९ साली ते बेचाळिसाव्या वर्षात होते, कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते, आणि त्याआधीची कितीतरी वर्षं दवाखाना सांभाळून ते नाटक करत होते. बाविसाव्या वर्षी हातात काही नसताना उडी घेणाऱ्या मुलाला त्यांचं उदाहरण देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

२०२४ साली पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधल्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं ते पहिलं वैयक्तिक पदक. तो तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता, ही गोष्ट बातम्यांमध्ये कौतुकानं सांगितली गेली, जणू इतक्या साध्या नोकरीत असूनही त्यानं हे करून दाखवलं. मला त्यातला "असूनही" खटकला. खेळाडूला नोकरी द्यायची, पगार चालू ठेवायचा आणि सरावाला वेळ द्यायचा, ही रेल्वेची जुनी रीत आहे. पदकापर्यंतच्या सगळ्या निनावी वर्षांत त्याच्या खात्यात दर महिन्याला काहीतरी जमा होत होतं. ते पदक त्या नोकरीमुळेही आलेलं आहे.

आवडीचं काम करणाऱ्याला कुणीतरी जेवू घालावं लागतं, हे आपल्या रंगभूमीला पूर्वी चांगलं ठाऊक होतं. संगीत नाटकांच्या काळात कंपनीचं बिऱ्हाड असायचं. नटांना पगार, राहायला जागा, दोन वेळचं जेवण. बोलपट आले आणि त्या कंपन्या बसल्या. त्यानंतर ही जबाबदारी हळूहळू नोकरीनं उचलली. मुंबईत गिरणगावात तेच चाललं होतं. गिरणीत पाळी भरून आलेला कामगार संध्याकाळी परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकात उभा राहायचा. कोकणातून आलेल्या माणसांनी नमन, दशावतार, भजन हे सगळं चाळींमध्ये जागतं ठेवलं होतं. १९८२च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या गेल्या, त्यांच्याबरोबर पाळीही गेली. पाळी संपली की भोंगा होतो आणि त्यानंतरचा वेळ माझा, ही खात्री गेली. गिरणी कामगार रंगभूमीबद्दल आपण गहिवरून बोलतो, पण ती नेमकी कशावर उभी होती ते बोलत नाही. ती आठ तासांच्या पाळीवर उभी होती.

आता आमच्या ग्रुपमधल्या मुलांकडे पाहतो. अकरा जण आहेत. ज्या मुलीचे वडील आले होते ती एका खासगी बँकेत आहे, म्हणजे कागदोपत्री मी केली तीच नोकरी. पण तिला महिन्याचं टार्गेट आहे, साडेआठच्या आत ती शाखेतून बाहेर पडत नाही, रविवारी ग्राहकांचे फोन येतात. आयटीतला एक जण रात्री अमेरिकेच्या कॉलवर असतो. एक जण जेवणाची पार्सलं पोचवतो, त्याच्या कामाचे सगळ्यात चांगले पैसे संध्याकाळी सात ते अकरात मिळतात, म्हणजे नेमके तालमीच्या वेळात. तालीम रात्री साडेनऊला सुरू होते, सोसायटीचा वॉचमन साडेअकराला दिवे घालवायला येतो. दोन तासांत एक प्रवेशसुद्धा धड बसत नाही. हॉलचं भाडं मुलं काँट्री काढून भरतात. मला जेवढं नाटक करता आलं तेवढं ह्यांना करता येत नाही, आणि ह्यांच्यात माझ्यापेक्षा जास्त कस आहे, हे मी रोज डोळ्यांनी बघतो.

म्हणून ही मुलं नोकरी सोडण्याची भाषा करतात. बाहेरून ती बेफिकिरी वाटते, वडीलधाऱ्यांना वाटतं, पोरं हवेत आहेत. पण त्यांच्यापुढचा पर्यायच तसा आहे. पूर्ण नोकरी, नाहीतर पूर्ण नाटक. मला मिळाला तो मधला रस्ता त्यांच्यासाठी उरलेला नाही. तो कुणी बंद केला, ह्याबद्दल मात्र करिअर मार्गदर्शनाच्या एकाही भाषणात चकार शब्द नसतो.

सप्टेंबर २०२५मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांमध्ये दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकानं व आस्थापनांमध्ये ९ वरून १० तासांवर नेण्याला मंजुरी दिली. कामगाराची संमती घेतली जाईल, जादा कामाचे पैसे मिळतील, असं त्यासोबत सांगितलं गेलं. महिनाभराच्या घरभाड्याची चिंता असलेला माणूस संमती नाकारेल कशी, हा प्रश्न मला पडतो. त्या निर्णयावर उद्योग आणि कामगार संघटना ह्यांच्या बाजूनं बोललं गेलं. नाटकवाले, गाणारे, खेळाडू, लिहिणारे आम्ही सगळे गप्प बसलो, जणू हा आमचा विषयच नव्हता. ज्या मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९०च्या जूनमध्ये रविवारची सुटी मिळवून दिली, त्याच राज्यात दिवसाचे तास वाढतात तेव्हा पहिली आरोळी रंगभूमीवरून यायला हवी होती.

आता पूर्ण वेळ नाटक करू म्हणणाऱ्याला काय मिळतं ते पाहू. व्यावसायिक नाटकात पैसे नाईटवर मिळतात. एका प्रयोगाचे इतके, झाला प्रयोग तर मिळाले. प्रयोग मुख्यतः शुक्रवार ते रविवार. पाऊस, निवडणूक, परीक्षा, क्रिकेट, काहीही आलं की बुकिंग पडतं आणि प्रयोग रद्द होतो. नाईट बुडते. त्याआधीची महिना-दीड महिन्याची तालीम बहुतेकांसाठी बिनपैशांची असते. नाव असलेल्या नटाला ते परवडतं, कारण त्याची मालिका किंवा जाहिरात चालू असते. लहान भूमिका करणाऱ्याला, पडद्यामागे सेट लावणाऱ्या मुलाला ते परवडत नाही. तो तरीही येतो. आणि "तालमीचे काही मिळतील का" असं त्यानं विचारलं, तर त्याला ऐकावं लागतं, "अरे, आवड आहे ना तुला?"

ह्या एका वाक्यानं मी आयुष्यात जितकी माणसं गप्प झालेली पाहिली, तितकी दुसऱ्या कशानं नाही. गवंड्याला कुणी असं विचारत नाही. आवड ही माणसाची ताकद असायला हवी. आपल्याकडे ती पैसे कापण्याचं कारण झाली आहे. मीसुद्धा हे केलेलं आहे. आमच्या नाटकासाठी ज्या मुलानं सलग दोन महिने प्रकाशयोजना केली, त्याला आम्ही शेवटी हातात नारळ आणि शाल दिली. तो आज गावी मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याच्यासारखा प्रकाशाचा डोळा मी नंतर पाहिला नाही.

मग मुलं मालिकांकडे वळतात. तिथं दिवसाच्या हिशेबानं पैसे आहेत, पण बारा-तेरा तासांच्या शिफ्ट आहेत, आणि कामाचे पैसे नव्वद दिवसांनी हातात येतात, तेही वेळेवर आले तर. आज काम सुरू केलेल्या मुलीनं पहिले तीन महिने मुंबईत कॉट बेसिसवर राहायचं कशावर, ह्याचं उत्तर एकच असतं. घरून पैसे यायला हवेत. म्हणजे ज्याच्या घरून येऊ शकतात तोच टिकतो. लातूर-परभणीचा मुलगा वर्षभरात परत जातो आणि पुण्या-मुंबईत स्वतःचा फ्लॅट असलेल्याचा मुलगा पाच वर्षं थांबू शकतो. पाच वर्षांनी त्याला भूमिका मिळते आणि मुलाखतीत तो चिकाटीबद्दल बोलतो. चिकाटी त्याच्याकडे असतेच, मी नाकारत नाही. पण परत गेलेल्याकडेही ती होती.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, नोकरी करून नाटक करणारा शेवटी हौशीच राहतो. आवाज, शरीर, अभ्यास ह्यांना दिवसाचे चांगले तास द्यावे लागतात, दमून आल्यावरचे उरलेले नव्हे. हे मी माझ्यावरून मान्य करतो. मी बरा नट झालो, मोठा झालो नाही, आणि त्याचं एक कारण हे की माझ्या डोक्यातले ताजे तास लेजरमध्ये गेले. म्हणूनच तालमीचे पैसे मिळाले पाहिजेत, ह्यावर मी इतका अडून बसतो. ज्याला पूर्ण वेळ द्यायचा आहे त्याला तो देता यावा. पण बहुतेकांसाठी सुरुवातीची दहा वर्षं दुसऱ्या उत्पन्नाशिवाय निघणार नाहीत, आणि ते दुसरं उत्पन्न माणसाला पिळून काढणारं नसावं, एवढंच मी मागतो आहे.

दुसरा आक्षेप जास्त बोचतो. ती सुखाची नोकरी होती तरी कुणाला? शहरातल्या शिकलेल्या, बहुतांशी वरच्या जातींतल्या पुरुषांना. सहा वाजता मी तालमीला जात होतो तेव्हा घरी माझी बायको, तीही नोकरी करून आलेली, पोळ्या लाटत होती. तिला गाण्याचा नाद होता. तिच्या सहानंतरच्या वेळेचा हिशेब मी कधी विचारला नाही, आणि आज तो मला देता येणार नाही. तमाशातल्या बायकांना तर असा कुठलाच आधार नव्हता. दसऱ्यापासून गावोगावच्या जत्रा संपेपर्यंत फडाबरोबर फिरायचं, पावसाळ्यात काम नाही, मग फडमालकाकडून उचल घ्यायची आणि पुढचा हंगाम ती फेडायची. मालकानं स्वतः सावकाराकडून काढलेली असते, त्यामुळे त्यालाही सुटका नाही. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. आज राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो. त्यांच्या कलेवरच्या निष्ठेबद्दल बोलताना आपला आवाज जड होतो, पण विठाबाईंना पेन्शन नव्हती आणि माझ्यासारख्या मध्यम नटाला ती आहे, ह्या गोष्टीकडे सरळ बघायचं धाडस आपण करत नाही. त्या जुन्या व्यवस्थेत हा अन्याय होता, हे कबूल. पण त्यावरचा उपाय तशी नोकरी सगळ्यांना मिळावी हा होता. आपण ती सगळ्यांचीच काढून घेतली.

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, ते आता महिन्याला ५००० रुपये झालं आहे. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी शाहिरांना, वाद्यं वाजवणाऱ्यांना त्याचा खरोखर आधार होतो. पण ते मिळतं उतारवयात. माणूस आयुष्यभर तगून राहिला, तर शेवटी त्याला थोडं द्यायचं, अशी ही रचना आहे. ज्या वयात तो शिकत असतो, चुकत असतो, कुणाला माहीत नसतो, त्या वयात काही नाही. आयर्लंडनं २०२२मध्ये २००० कलावंतांना तीन वर्षं दर आठवड्याला ३२५ युरो द्यायला सुरुवात केली, काय निर्माण केलं ह्याचा हिशेब न मागता. फ्रान्समध्ये रंगमंचावर किंवा त्यामागे काम करणाऱ्यानं वर्षभरात ५०७ तास भरले, की मधल्या रिकाम्या दिवसांचा बेकारभत्ता त्याला मिळतो. आपली तिजोरी त्यांच्यासारखी नाही, हे कळण्याइतकी वर्षं मी बँकेत काढली आहेत. पण ज्या गोष्टींना नवा पैसा लागत नाही त्याही आपण केलेल्या नाहीत. व्यावसायिक नाटकांना प्रयोगांमागे राज्य सरकारचं अनुदान मिळतं. ते घेणाऱ्या निर्मात्यानं तालमीचे पैसे सगळ्यांना दिले पाहिजेत, सेट लावणाऱ्यांसकट, अशी एक अट त्यात घालायला काय हरकत आहे? महापालिकांच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. ते वर्ग नाममात्र भाड्यानं तालमीला द्यायला कुठला कायदा आडवा येतो? मला मिळाला होता तो वर्ग शाळेच्या मुख्याध्यापकांनी स्वतःच्या जबाबदारीवर उघडून दिला होता, आणि किल्ली शिपायाकडे असायची. त्या एका किल्लीवर आमची बारा नाटकं उभी राहिली.

लातूरच्या गुरुजींना मी परवा फोन केला आणि त्या दिवशी न दिलेलं उत्तर दिलं. नाटकानं पोट भरत नाही, निदान पहिली बरीच वर्षं नाही. माझं बँकेनं भरलं, हेही सांगितलं. मुलीला नोकरी पूर्ण सोडू देऊ नका, पण ही नोकरीही धरून ठेवायला लावू नका, असं म्हटलं. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तिला वेळ देणारी नोकरी शोधायची. अशी कुठं असते सर, आताच्या काळात?"

मुलगी त्यानंतर तालमीला आली तेव्हा म्हणाली, "काका, बाबांचा फोन झाला." एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये सकाळच्या पाळीची जागा आहे, सात ते तीन, रिपोर्ट आणि बिलं बघायची. बँकेपेक्षा पगार आठ हजारांनी कमी. खोली बदलावी लागेल. सोमवारी तिची मुलाखत आहे.